तो पिकअप, ती पिकअप!

नाशिकमध्ये कुणालाही सहज सांगून बघा, "पिकअप बदलायचाय." समोरून लगेच प्रश्न येईल, "कुठलं मॉडेल? कर्ज काढणार की रोख?" यात त्यांची काय चूक? बोलेरो बनते याच गावात. द्राक्षं, टोमॅटो, कांदा, सगळं पिकअपमध्ये भरून पिंपळगाव नि लासलगावच्या बाजारात जातं. इथं पिकअप म्हणजे चार चाकं, मागं हौदा आणि काचेवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद'.

पण मंडळी, आपला विषय 'ती' पिकअप नाही. 'तो' पिकअप! चार चाकांचा नव्हे, चार तारांचा. बेस गिटारच्या पोटात, तारांच्या खाली गपचूप बसलेली ती काळी डबी. बेसचा आवाज फिका, घोगरा किंवा गुणगुणता वाटायला लागला की वादक या डबीकडे संशयानं बघू लागतो आणि एके रात्री नेटवर नवी डबी शोधायला बसतो. बसण्याआधी हे वाचा. गंमत आहे, आणि थोडे पैसेही वाचतील.

माहीत आहे का, पिकअपला कानच नसतात!

खरंच. त्याच्यासमोर बोंबला, टाळ्या वाजवा, गाणं म्हणा, धडधाकट पिकअपला ढिम्म ऐकू येत नाही. आत असतं एक चुंबक, त्याभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. वर पोलादी तार थरथरते, चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडाळीत इवलीशी वीज तयार होते. बस! मायकल फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेलं हे तत्त्व. आपण दहावीत 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन' म्हणून घोकलं आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलो, तेच.

आणि आतल्या तारा सैल असतील तर मात्र त्याला कान फुटतात! गुंडाळी स्वतःच थरथरते आणि स्पीकरमधून कर्कश शिट्टी निघते. उपाय? मेण! होय, पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढतात. म्हणजे कानात बोळे घालण्याऐवजी पूर्ण मेणस्नान.

आता एक प्रयोग, डोक्यातल्या डोक्यात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी जिथं आश्रम उभारला आणि पं. द. वि. पलुस्कर 1921 मध्ये जिथं जन्मले, त्या नाशिकला तंबोरा काही नवा नाही. मिरजेचा तंबोरा घ्या. त्यालाही बेससारख्या चारच तारा. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकनही मिळालंय, टाळ्या!) त्याच्या तारांखाली बेसचा पिकअप धरला तर काय होईल? मधल्या पोलादी जोडीच्या तारा बोलतील. आणि खर्ज? गप्प! कारण खर्जाची तार बहुधा पितळी असते आणि पितळ चुंबकाला भीक घालत नाही. म्हणजे बेसचा पिकअप लावला आणि नेमका बेसच गायब. याला म्हणतात दैवदुर्विलास.

यातला कामाचा भाग: बेसला पोलाद किंवा निकेलच्याच तारा हव्यात. वरून काळ्या नायलॉनचं वेष्टण असलेल्या तारा चालतात, कारण त्यांच्या पोटात पोलाद असतं.

माहीत आहे का, तुमच्या बेसच्या एका पिकअपमध्ये दीड-दोन किलोमीटर तार लपली आहे?

हिशेब करून दाखवतो. पिकअपसाठी लागणारी तार साधारण 0.063 मिलिमीटर जाडीची, म्हणजे डोक्यावरच्या केसाएवढी. तिचा रोध दर मीटरला सुमारे साडेपाच ओहम. फेंडर कंपनीच्या 'जॅझ बेस'चा एक पिकअप मल्टिमीटरवर साडेसात किलो-ओहमच्या आसपास दाखवतो. भागाकार करा: जवळपास 1.4 किलोमीटर! तिच्याच 'प्रिसिजन बेस'च्या पिकअपमध्ये साडेदहा किलो-ओहम धरले तर 1.9 किलोमीटर. नाशिकच्या सीबीएस चौकात तारेचं टोक कुणाच्या तरी हातात द्या आणि चालायला लागा. वीस मिनिटं चालून, मध्ये चहा घेऊनही रीळ संपायचं नाही. आणि हे सगळं तुमच्या बोटांखालच्या त्या डबीत.

नाशिककरांनी इथं कॉलर ताठ करायला हरकत नाही. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात तांब्याची तार गुंडाळणं हे रोजचंच काम. मोटर जळाली की आपण 'रिवाइंडिंग'वाल्याकडे जातो, नवी मोटर आणायला धावत नाही. मग पिकअप का नाही रिवाइंड करायचा? करता येतो! तुटलेल्या गुंडाळीचा पिकअप मेलेला नसतो, बेशुद्ध असतो. फक्त मोटरवाल्याला आधी सांगा की तार 46 गेजची लागेल आणि फेरे आठ-दहा हजार. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघा. पंपाच्या मोटरीची तार हातानं खेचून बसवतात, ही तार जोरात फुंकर मारली तरी तुटेल अशी.

तार गुंडाळायच्या यंत्राची गोष्ट तर त्याहून भारी. 1931 च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प नावाचा गडी गिटारसाठी पहिलावहिला चुंबकी पिकअप बनवत होता. गुंडाळी फिरवायला त्यानं घरच्या धुलाई मशीनची मोटर काढून घेतली, असा किस्सा सांगतात. त्या गिटारला लोक 'फ्राइंग पॅन' म्हणायचे, आकारच तसा होता. म्हणजे धुण्याची मोटर, तव्याचा आकार आणि त्यातून रॉक अँड रोल. घरकामाला कमी लेखू नका, एवढंच.

आता टाळ्या एका आजींसाठी. अबिगेल यबारा 1956 मध्ये फेंडरच्या कारखान्यात कामाला लागल्या आणि पिकअप गुंडाळत गुंडाळत 2013 मध्ये निवृत्त झाल्या. सत्तावन्न वर्षं! त्यांची आद्याक्षरं असलेला पिकअप आज संग्राहक देव्हाऱ्यात ठेवतील इतका जपतात. गिटारवर सही असते ती वाजवणाऱ्याची, हा आपला समज. इथं सही गुंडाळणारीची.

लिओभाऊंची गंमत

माहीत आहे का, जगातली सर्वांत गाजलेली बेस ज्यानं बनवली त्या लिओ फेंडरला गिटार वाजवताच येत नव्हती! माणूस मूळचा हिशेबनीस, मग रेडिओ दुरुस्त करणारा. पण 1951 मध्ये त्यानं 'प्रिसिजन बेस' आणली. नावात प्रिसिजन का? कारण मानेवर पडदे होते. त्याआधी उभ्या डबल बेसवर बोट अंदाजानं ठेवावं लागे. पडदे आले, सूर अचूक लागू लागला. (खरं तर त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कनं पडद्यांची विजेवरची बेस बनवली होती. बाजार जिंकला मात्र लिओनं. हे नेहमीचंच.)

1957 मध्ये लिओनं पिकअपचे चक्क दोन तुकडे केले. दोन तारांना एक तुकडा, उरलेल्या दोघींना दुसरा, जरा सरकवून बसवलेला. वरवर भांडून वेगळे राहणारे भाऊ वाटतात. पण एकाची गुंडाळी सुलट, दुसऱ्याची उलट, चुंबकही उलटसुलट. परिणाम असा की बाहेरून आलेली गुणगुण दोघांत एकमेकांना काटते आणि तारेचा सूर तेवढा शाबूत राहतो. वाटणी झाली आणि घरात शांतता आली!

गुणगुणीचा सूर काळी की पांढरी?

हे वाचताना खुर्ची घट्ट धरा.

एकेरी गुंडाळीचा पिकअप घरातल्या वायरिंगमधली गुणगुण पकडतो, हे प्रत्येक बेसवाल्याला माहीत. पण ती कुठल्या सुरात असते, माहीत आहे का? भारतात वीज 50 हर्ट्झची. बेसवर सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा 'जी', म्हणजे आपली पांढरी पाच, 49 हर्ट्झला. आपली गुणगुण पांढरी पाचच्या किंचित वर, काळी चारच्या खाली! अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे तिकडची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध लोंबकळते.

म्हणजे एखादी बेस कॅलिफोर्नियातून नाशिकला आणलीत तर तिच्या गुणगुणीची पट्टी आपोआप उतरते. कस्टमवाल्यांनाही पकडता येणार नाही असा बदल.

आणखी गंमत: आपली गुणगुण फक्त 50 वर थांबत नाही, 100 वर, 150 वरही असते. बेसची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की 98 हर्ट्झ. शेजारी 100 हर्ट्झची गुणगुण! दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यात कंप ऐकू येतो, वँव-वँव-वँव. तंबोरा जुळवताना आपण जो कंप घालवायचा प्रयत्न करतो, अगदी तोच. फरक एवढाच की महावितरणच्या सुराला खुंटी नाही.

म्हणून पिकअप निवडताना पहिला प्रश्न आवाजाचा नाही, खोलीचा. कुठं वाजवता? जुन्या वाड्यात, ट्यूबलाइटखाली, पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी? मग गुणगुण मारणारा पिकअप घ्या. प्रिसिजनचा दुभंग पिकअप जन्मतःच शांत. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले तर शांत, एक कमी केला की लगेच भजन सुरू. त्यासाठी जॅझच्याच आकारात दोन गुंडाळ्या लपवलेले 'नॉइजलेस' मिळतात. मंचावर दोन्ही कान (आवाजाची बटणं) पूर्ण पिळून वाजवणाऱ्याला त्यांची गरज नाही, बरं का.

आणि तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ना? घाबरू नका, बेस ठीक आहे. अर्थिंगला जोडलेल्या तारांमुळे तुम्ही स्वतःच तिचं कवच बनता. मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन तोडून काम भागवणाऱ्या शूरवीरांना साष्टांग नमस्कार, आणि लांबूनच. ती पिन गुणगुणीसाठी नसून जिवासाठी आहे. पिकअप बदलण्याआधी ती तपासा.

जाता जाता: नाशिक ढोलाला पिकअप नाही, बॅटरी नाही, गुणगुण नाही. छाती मात्र हलते! काही प्रश्न आपल्या पूर्वजांनी निर्माणच होऊ दिले नाहीत.

चुकीचा नंबर, बरोबर कमाई

गुणगुण मारणाऱ्या दुहेरी पिकअपला 'हमबकर' म्हणतात. गिब्सनच्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट येईपर्यंत पिकअपखाली छोटा स्टिकर: 'पेटंट अप्लाइड फॉर'. पेटंट 1959 मध्ये आलं, तरी स्टिकर पुढं काही वर्षं सुरूच! शेवटी पेटंट क्रमांक छापला, तोही पिकअपचा नाही. गिटारवादक लेस पॉलच्या ब्रिजच्या (तारा टेकतात त्या घोडीच्या) पेटंटचा. आज त्या 'अप्लाइड फॉर' स्टिकरच्या पिकअपला वेड्यासारखी किंमत येते. सरकारी कामाची पावती एवढी मौल्यवान ठरल्याचं दुसरं उदाहरण शोधून दाखवा.

रंगाचंही पेटंटसारखंच त्रांगडं. दोन्ही गुंडाळ्या क्रीम रंगाच्या असलेला हमबकर अमेरिकेत फक्त डिमार्झिओ कंपनी विकू शकते, त्या रंगजोडीवर तिचा ट्रेडमार्क आहे! बाकीच्यांनी काळा-क्रीम 'झेब्रा' करावा. हो, झेब्राच म्हणतात.

माझा तीन मिलिमीटरांचा इतिहास

आता जरा बसा, कारण इथं पैसे वाचणार आहेत. माझे गेलेत.

जॅझ बेसचे दोन पिकअप दिसायला जुळे. पण माहीत आहे का, ते जुळे नाहीत! मानेकडचा लहान, ब्रिजकडचा सुमारे तीन मिलिमीटर लांब. कारण तारा ब्रिजकडे जाताना पसरतात. मी हे न वाचता हौसेनं जोडी मागवली. एक चपखल बसला. दुसरा खाचेत जाईना. ढकलला, पुसला, देवाचं नाव घेतलं, जाईना. मग मोजपट्टी काढली तेव्हा कळलं की माझ्या स्वस्तातल्या बेसला दोन्ही खाचा एकाच मापाच्या होत्या. शेवटी एका फर्निचरवाल्या मिस्त्रींनी पटाशीनं एक खाच कोरून दिली. "साहेब, गिटार आहे का ही? मला वाटलं पाळण्याची फळी," असं म्हणत.

तेव्हा ऑर्डरचं बटण दाबण्याआधी पट्टी काढा. लांबी, रुंदी, स्क्रूच्या कानांची जागा, खाचेची खोली. प्रिसिजनची मापं बहुतेक ठिकाणी जुळतात, जॅझची दगा देतात आणि पाच तारांच्या बेसमधल्या साबणवडीसारख्या पिकअपांची मापं तर ज्याची त्याची. त्यांना इंग्रजीत नावच 'सोपबार' आहे. हातातून निसटायचंच.

दुसरा सापळा: जॅझचा एकच पिकअप बदलणार असाल तर नवा आणि जुना उलट चुंबकाचे, उलट गुंडाळीचे हवेत. नाहीतर गुणगुण काटली जाणार नाही. तपासायची युक्ती भन्नाट सोपी आहे. दोघांना समोरासमोर तोंड करून धरा. ओढले गेले तर जमलं, ढकलले गेले तर हे लग्न मोडा. आणि चुंबक जमून गुंडाळीची दिशा चुकली तर? दोन्ही एकदम उघडताच आवाज पोकळ, पातळ, जणू बेसला पोटदुखी. इथं मात्र नवा पिकअप लागत नाही. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करून डाख दिला की झालं.

कान पिळा, बॅटरी काढा

बेसवरच्या 'पॉट'ला म्हणजे फिरत्या बटणाला साधारण 250 किलो-ओहमचं माप असतं. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपना त्याचा दहावा हिस्सा, 25 चं. नवा अ‍ॅक्टिव्ह पिकअप जुन्या पॉटवर लावलात की बटण दिवे मालवायच्या खटक्यासारखं वागतं: एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही. पिकअपसोबत पॉट येतात का, हे विचारा.

अ‍ॅक्टिव्हची दुसरी गंमत, 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. बेस बंद करायला बटणच नसतं! केबल घुसवली की चालू, काढली की बंद. कार्यक्रमानंतर केबल तशीच ठेवून झोपलात तर बेस रात्रभर एकटीच जागत बसते आणि बॅटरी विनाकारण रामकुंडाच्या वाटेला लागते. लिओ फेंडरनंच पुढं 1976 मध्ये म्युझिक मॅन कंपनीकडून 'स्टिंगरे' आणली, तिनं ही बॅटरीवाली बेस घराघरांत नेली. गिटार न येणाऱ्या माणसानं दोनदा इतिहास घडवला. आपण सात वर्षं क्लासला जाऊन...असो.

विंटेज म्हणजे काय रे भाऊ?

गंगापूर धरणाच्या बाजूला कुणालाही विचारा, विंटेज म्हणजे द्राक्षं कुठल्या साली खुडली ते. नाशिकला वाइन शिकवू नका! सुलाफेस्ट या संगीत महोत्सवामुळे तर 2008 पासून द्राक्षबागेत बेसचा दणकाही ऐकू येऊ लागला. पिकअपच्या कॅटलॉगमध्येही दर दुसऱ्या ओळीला 'विंटेज' असतं, पण तिथं द्राक्षं नाहीत. तिथं अर्थ असा: 1950-60 च्या पद्धतीनं फेरे, अल्निको चुंबक, आवाज मवाळ.

अल्निको हे नाव कुणा इटालियन पैलवानाचं नाही. अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट, तिघांची आद्याक्षरं. या घराण्याचं पहिलं पोलाद 1931 मध्ये जपानच्या तोकुशिची मिशिमांनी शोधलं. काही कारागीर तर नव्या चुंबकाची ताकद मुद्दाम थोडी उतरवतात, म्हणजे तो म्हातारा वाटावा! आपण केस काळे करतो, ते चुंबक पांढरे करतात.

उलट टोकाला सिरॅमिक चुंबक आणि 'हाय आउटपुट'. जोरदार, कडक, मेटलवाल्यांचा लाडका. माझं मत विचाराल तर नाशिकच्या छोट्या कॅफेत वाजवणाऱ्याला त्याची गरज नाही. आवाज वाढवायला अ‍ॅम्प्लिफायरवर बटण आहे, फुकट. किलो-ओहमचा आकडा बघून पिकअप घेणं म्हणजे तिखटाचा आकडा बघून मिसळ निवडणं. तर्री जास्त म्हणजे चव जास्त असं नसतं, हे या गावाला सांगावं लागू नये.

जागा बोलते

माहीत आहे का, पॉल मॅकार्टनीची 1961 साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस 1972 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गाडीतून चोरीला गेली आणि तब्बल अर्धशतकानं सापडली? 2024 मध्ये बातमी जगभर झळकली. आपल्या कामाचा तपशील त्या बेसच्या पोटात आहे: दोन्ही पिकअप मानेकडे, एकमेकांना खेटून. दोन वर्षांनंतरच्या त्याच्या दुसऱ्या हॉफनरमध्ये ते दूर-दूर. फरक का पडतो? मानेकडे तार जास्त झोका घेते, आवाज गोल, जाड. ब्रिजकडे झोका कमी, वरचे स्वर जास्त, आवाज टोकदार. तबल्यावर शाईवर बोट आणि चाटेवर बोट, तसंच.

फेंडरनंही 1970 च्या दशकात जॅझचा मागचा पिकअप ब्रिजकडे सुमारे अर्धा इंच सरकवला आणि आवाजाचा चेहरा बदलला. अर्धा इंच! म्हणजे जगातला सर्वांत महाग पिकअप चुकीच्या जागी बसला तर तो चुकीच्या जागचाच आवाज देणार. पिकअप बदलता येतो, पत्ता बदलायला पटाशीवाले मिस्त्री लागतात.

फोनवर ऐकून निवडणाऱ्यांनो

बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झ. पाच तारांच्या बेसवर तर 31. तुमच्या फोनच्या स्पीकरमधून हे सूर जवळजवळ निघतच नाहीत! तरी बेस ऐकू येते ना? ती तुमचा मेंदू बनवतो. वरचे स्वर ऐकून मेंदू खालचा पाया स्वतःच कल्पून घेतो. आहे की नाही जादू? तेव्हा फोनवर दहा पिकअपची तुलना ऐकून 'याचा लो-एंड काय जबरा' असं म्हणणारा स्वतःच्याच मेंदूचं कौतुक करत असतो. हेडफोन लावा, निदान.

त्याहून स्वस्त सल्ला: आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या. पिकअपच्या बाजूचे स्क्रू फिरवले की तो वर-खाली होतो. तारेजवळ नेला की आवाज जोरकस, लांब नेला की मोकळा. फार जवळ नेलात तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो. या प्रयोगाला शून्य रुपये. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापताहेत, पण आपल्या खिशात येणाऱ्या मोजक्याच. आधी हा प्रयोग, मग नव्या तारा, मग पिकअप.

अर्थात तारांबाबत एक थोर अपवाद आहे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर वाजलेला जेम्स जेमर्सन तारा तुटेपर्यंत बदलायचाच नाही! ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, उजव्या हाताचं एकच बोट, 1962 ची प्रिसिजन आणि तिचा तो एकमेव दुभंग पिकअप. त्या बोटाला टोपणनाव होतं, 'द हुक'. ती बेस 1983 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या जरा आधी चोरीला गेली. सापडलेली नाही.

आणि पिकअपच नसलेली बेस? तीही आहे, आणि तिचं एक टोक थेट मुंबईत! जपानच्या रोलंडनं 'टीबी-303' नावाची पेटी काढली, बेसवादक नसताना सरावाला सोबत म्हणून. चालली नाही, 1984 मध्ये बंद पडली. पण 1982 मध्येच मुंबईच्या चरणजित सिंग यांनी या पेटीच्या साथीनं दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून ध्वनिमुद्रिका काढली. तीही तेव्हा फारशी विकली नाही. पुढं परदेशी लोकांनी ती ऐकली आणि डोळे विस्फारले, हे तर 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं नृत्यसंगीत, आणि तेही त्याच्या जन्माआधी! कळस म्हणजे चरणजित स्वतः हिंदी सिनेसंगीतातले वादक, बेस गिटारही वाजवायचे. बेसवाल्याला घरी बसवायला काढलेली पेटी एका बेसवाल्यानंच अमर केली.

त्याच मुंबईची मोहिनी डे आज जगभरच्या मंचांवर बेस वाजवते. तिचे वडीलही बेसवादक. तिची बोटं बघितलीत की पिकअपचा कॅटलॉग आपोआप मिटतो.

माझा मात्र मिटला नाही. परवा पुन्हा पट्टी, मल्टिमीटर, डाख द्यायची पेन्सिल घेऊन व्हरांड्यात बसलो होतो. पिंपळगावहून काका आलेले, द्राक्षाचे व्यापारी. दारातूनच ऐकलं त्यांनी, मी फोनवर मित्राला सांगत होतो की जुना पिकअप काढतोय, नवा आलाय.

"वा! घेतलीस का शेवटी? लोड किती घेते?"

मी प्रामाणिकपणे सांगायला गेलो, "अडीचशे किलो..."

'ओहम' म्हणायच्या आत काकांनी टोपी काढून कपाळाला हात लावला. "अडीचशे? अरे, मग छोटा हत्ती घ्यायचास ना!"